‘कोणाला भूक लागली?’ : हू आणि हूम शिकवताना फसलेल्या एका नियमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अकोला जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातली मराठी माध्यमाची शाळा, आठवीचा वर्ग, 42 मुलं. मी त्यांना इंग्रजी शिकवते. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

माझं माहेर साताऱ्याकडचं. त्यामुळे फळ्यावर मी ‘कोणाला’ लिहायची आणि वर्ग ते ‘कोनाले’ म्हणून वाचायचा. काही मुलं जवळच्या तांड्यावरून, म्हणजे बंजारा वस्तीतून येतात. त्यांच्या घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलतात, म्हणजे शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, पण व्याकरणाच्या तासाला त्यांचा काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीत येईपर्यंत मुलांची सात वर्षं इंग्रजी शिकून झालेली असतात. धडा वाचून दाखवतात, शब्दार्थ पाठ असतात. स्वतःहून प्रश्न तयार करायला सांगितलं की मात्र पेन थांबतं.

आपल्याकडे ‘हूम’ हा शब्द बहुतेक मुलांना पहिल्यांदा भेटतो तो प्रयोग बदलण्याच्या प्रश्नात. ‘हू ब्रोक द विंडो?’ याचं ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ करायचं. हू दिसला की बाय हूम लिहायचं, एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं. गुण मिळतात आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. मीही कित्येक वर्षं तसंच शिकवत आले.

अडचण कशी लक्षात आली

जुलैमधल्या एका चाचणीत मी शाळेबद्दल पाच प्रश्न इंग्रजीत लिहायला सांगितले. एका मुलाने लिहिलं होतं, ‘हूम इज युवर हेडमास्टर?’ मी त्याला जवळ बोलावून विचारलं, इथे हूम का लिहिलंस? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “मॅडम, हेडमास्तर मोठे आहेत ना. नुसतं ‘हू’ लिहिलं तर अरे-तुरे केल्यासारखं वाटते.”

मला ते उत्तर फार आवडलं. आपल्या भाषेत तू आणि तुम्ही आहे, ‘आला’ आणि ‘आले’ आहे. इंग्रजीतही असं काहीतरी असणार, असं त्याने धरलं होतं. ‘हूम’ त्याला नेहमी लांबलचक, भारदस्त वाक्यांतच दिसला होता, तेव्हा तो आदरार्थी शब्द असणार हा त्याचा अंदाज चुकीचा असला तरी बिनडोक नव्हता. मग मी इतरांनाही विचारलं. एका मुलीच्या मते हूम हा हूचा भूतकाळ होता. दोघांना वाटत होतं की परीक्षेत हूम लिहिलं की जास्त गुण मिळतात. हा शब्द वाक्यात नेमकं कोणतं काम करतो, हे 42 पैकी एकानेही सांगितलं नाही. सांगणार कुठून? मीच ते कधी सांगितलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता शिकवायचंच नाही. हे वाटतं तितकं आळशीपणाचं नाही. बोलण्यातल्या इंग्रजीतून हूम जवळपास गेला आहे. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1921 मध्येच लिहून ठेवलं होतं की दोनेकशे वर्षांत ‘हूम डिड यू सी?’ असं कुणीच म्हणणार नाही. मग आठवीच्या मुलांना त्यात कशाला गुंतवायचं? पण आपल्या पाठ्यपुस्तकात आणि पुढे दहावीच्या परीक्षेत ‘बाय हूम’ आहेच. शिवाय मुलं हा शब्द आधीच वापरत होती, तेही भलत्या ठिकाणी. हाती आलेली वस्तू काढून घेण्यापेक्षा ती कशी धरायची हे दाखवणं मला बरं वाटलं.

दुसरा पर्याय व्याख्यांचा. सब्जेक्ट आला की हू, ऑब्जेक्ट आला की हूम. हे बरोबर आहे आणि निरुपयोगीही आहे, कारण सब्जेक्ट कुठला हे ओळखता येत असतं तर मुलं अडली नसती.

तिसरा पर्याय जगभरचे इंग्रजीचे शिक्षक वापरतात तो. प्रश्नाचं उत्तर ‘ही’ने देता आलं तर हू, ‘हिम’ने देता आलं तर हूम. दोन्हीकडे शेवटी म आहे, त्यामुळे लक्षात राहतं. पण ज्याला ही आणि हिम कानाने कळतात त्याच्यासाठी ही युक्ती आहे. माझ्या वर्गातली मुलं ‘त्याला ताप आहे’चं इंग्रजी ‘हिम इज फीवर’ असं करत होती. ज्या फूटपट्टीने मोजायचं तीच वाकडी होती.

चौथा पर्याय आपल्या घरचा. मराठीत ‘कोण’ हा शब्द वाक्यातल्या कामाप्रमाणे रूप बदलतो: कोण, कोणी, कोणाला, कोणाचा. इंग्रजीनेही तसा बदल थोडासा शिल्लक ठेवला आहे: हू, हूम, हूज. तर मग सरळ जोड्या लावाव्यात. कोण आणि कोणी म्हणजे हू, कोणाला म्हणजे हूम, कोणाचा म्हणजे हूज. मुलांच्या तोंडात हे शब्द जन्मापासून आहेत. व्याख्या नको, घोकंपट्टी नको.

मी चौथा पर्याय निवडला. ऑगस्टमध्ये घटक चाचणी होती आणि हाताशी जेमतेम तीन तास होते. घाई हे या निवडीमागचं एक कारण होतं, ते लपवत नाही. पण मला ही कल्पना मनापासून पटलीही होती. मुलांना त्यांच्याच भाषेच्या खांद्यावर बसवून पलीकडे न्यावं, असं मला नेहमी वाटतं.

पहिला आठवडा: सगळं जमल्यासारखं

फळ्यावर मी दोन रकाने आखले. ‘रवीने कोणाला हाक मारली?’ म्हणजे ‘हूम डिड रवी कॉल?’ आणि ‘रवीला कोणी हाक मारली?’ म्हणजे ‘हू कॉल्ड रवी?’ वर्ग एका दमात उत्तरं देऊ लागला. कुत्रा कोणाला चावला, सरांनी कोणाला बक्षीस दिलं, आजीने कोणाला गोष्ट सांगितली, सगळीकडे हूम. खिडकी कोणी फोडली, घंटा कोणी वाजवली, सगळीकडे हू. मागच्या बाकावरची एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंसुद्धा हात वर करत होती. आदरार्थी हूमवाल्या मुलाने स्वतःची वही आणून दाखवली. त्याने खाडाखोड करून ‘हू इज युवर हेडमास्टर?’ केलं होतं.

त्या आठवड्यात मी खूश होते. माझी उदाहरणं नियमाला सोयीची होती आणि ती मीच निवडलेली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

खिचडीच्या रांगेत

पुढच्या सोमवारी पोषण आहाराच्या वेळी वाढायला आठवीच्या मुली होत्या. त्यातली एक, वर्गात फारशी न बोलणारी, हातात डाव घेऊन रांगेसमोर उभी होती. मी व्हरांड्यातून येताना दिसले तसा तिला हुरूप आला आणि तिने मोठ्याने विचारलं, “हूम वॉन्ट्स मोर?”

मी लगेच दुरुस्ती केली. सगळ्यांसमोर, चालता चालता. “हू! हूम नाही, हू वॉन्ट्स मोर.”

तिचा चेहरा पडला. पण ती गप्प बसली नाही, आणि त्यासाठी मी आजही तिची ऋणी आहे. ती म्हणाली, “पण मॅडम, ‘कोनाले पाहिजे’ म्हनलं मी.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने मी शिकवलेलं तंतोतंत वापरलं होतं. ‘कोणाला’ होतं, म्हणून हूम. चूक तिची नव्हतीच. चूक माझ्या फळ्यावर होती.

चुकांचे दोन गठ्ठे

त्या रात्री मी सगळ्या वह्या घेऊन बसले. गृहपाठ होता दहा मराठी प्रश्नांचं इंग्रजी करण्याचा. त्यातली वाक्यं मी आदल्या आठवड्यात पुस्तकातून न घेता सहज मनातून लिहिली होती, म्हणून बरं झालं. रोजच्या बोलण्यातली वाक्यं त्यात आपोआप आली होती. चुका निवडून ठेवल्यावर त्यांचे आपोआप दोन गठ्ठे पडले.

पहिल्या गठ्ठ्यात जिथे हू हवा तिथे हूम होता. कोणाला भूक लागली? कोणाला ताप आहे? कोणाला पोहता येतं? कोणाला उत्तर माहीत आहे? कोणाला जायचंय? मराठीत या सगळ्यांत ‘कोणाला’ आहे. इंग्रजीत मात्र एकातही हूम चालत नाही. हू इज हंग्री, हू हॅज अ फीवर, हू कॅन स्विम, हू नोज द आन्सर, हू वॉन्ट्स टू गो. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी या ठिकाणी हूम लिहिलं होतं.

दुसरा गठ्ठा उलटा होता. तुला कोण आवडतं? तुला बाजारात कोण भेटलं? तुला गच्चीवर कोण दिसलं? मराठीत चक्क ‘कोण’ आहे, प्रथमेतलं. इंग्रजीत व्याकरणाने हूम हवा: हूम डू यू लाइक, हूम डिड यू मीट, हूम डिड यू सी. मुलांनी प्रामाणिकपणे हू लिहिला होता, आणि काहींनी तर वाक्याचा अर्थच उलटा केला होता. ‘हू लाइक्स यू?’ म्हणजे तू कोणाला आवडतेस!

मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते एका जोडीने. ‘तुला कोण रागावलं?’ आणि ‘तुला कोण भेटलं?’ मराठीत दोन्ही वाक्यांचा साचा एकच. इंग्रजीत पहिलं ‘हू स्कोल्डेड यू?’ आणि दुसरं ‘हूम डिड यू मीट?’ मराठीच्या प्रत्ययाकडे कितीही टक लावून पाहिलं तरी हा फरक दिसणार नाही, कारण तो तिथे नाहीच.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आपली ‘ला’ दोन कामं करते. ज्याच्यावर क्रिया घडते त्याला ती लागते, आणि ज्याला काही वाटतं, होतं, हवं असतं, येतं, त्यालाही लागते. मराठीत भूक ‘मला’ लागते, ताप ‘मला’ येतो, आंबा ‘मला’ आवडतो. इंग्रजीत माणूस पुढे येऊन उभा राहतो: आय अॅम हंग्री, आय लाइक मँगोज. जुनी इंग्रजी मात्र याबाबतीत आपल्याच घरची होती. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द म्हणजे शब्दशः ‘मला वाटतं’. जुन्या इंग्रजीतलं ‘लाइक’ म्हणजे रुचणं, आणि ज्याला रुचतं तो आपल्यासारखाच चतुर्थीत जायचा. हिम आणि हूम ही रूपंसुद्धा मुळात चतुर्थीचीच, आणि पुढे त्यांनी द्वितीयेचंही काम अंगावर घेतलं. म्हणजे ‘हिम इज फीवर’वाली माझी मुलं हजारेक वर्षं उशिरा जन्माला आली, एवढाच त्यांचा दोष. हे कळल्यावर त्या वह्यांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

दुसरा निर्णय: ठिगळ लावायचं की नियम मागे घ्यायचा

ठिगळ लावणं सोपं होतं. ‘कोणाला म्हणजे हूम, पण भूक, ताप, आवड, इच्छा, माहिती असेल तर हू’ अशी अपवादांची यादी पाठ करायला देता आली असती. दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी तेच सुचवलं. घटक चाचणी आठ दिवसांवर होती.

मी यादी करायलाही बसले होते. वीसच्या पुढे गेल्यावर हात थांबला. जमणं, परवडणं, झेपणं, पटणं, सुचणं, आठवणं, कळणं... मराठीत ज्या ज्या गोष्टी माणसाला ‘होतात’, त्या सगळ्या त्या यादीत येत होत्या. अपवादांची यादी नियमापेक्षा मोठी झाली की तिला अपवाद म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावरची जुनी जोडी लिहिली, ‘कोणाला म्हणजे हूम’, आणि मुलांसमोरच ती खोडली. खिचडी वाढणाऱ्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं की तिने माझी चूक दाखवली. काही मुलं गोंधळली. एक जण म्हणाला, “मंग आता पेपरात काय लिव्हायचं?” त्याची काळजी खरी होती, आणि त्या क्षणी माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. त्याला मी दोन दिवस मागितले.

मराठीच्या सरांचा तास

उत्तर मिळालं ते मराठीच्या तासातून, आणि तेही भांडणातून.

आपल्याकडे कर्ता शोधायची एक जुनी रीत आहे. क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. रामाने आंबा खाल्ला: खाणारा कोण? राम. मुलांना ही रीत पक्की येत होती. मला वाटलं, हीच घेऊ. वर्गात विचारलं, “मला भूक लागली, यात कर्ता कोण?” मला ‘मी’ हे उत्तर हवं होतं. एक मुलगी उभी राहून म्हणाली, “लागणारी कोण? भूक. मराठीच्या सरांनी भूकच सांगितलं आहे. तुम्ही ‘मी’ म्हणता. कोणाचं खरं?”

सरांचं खरं होतं. ‘मला आंबा आवडतो’ यात आवडणारा आंबाच, आणि मराठी व्याकरणात कर्ता तोच. मी इंग्रजीचा कर्ता मराठी वाक्यात शोधत होते.

मधल्या सुट्टीत मी सरांकडे गेले. आम्ही दोघांनी मिळून आठवीचा एक जोडतास घेतला. सरांनी अर्ध्या फळ्यावर मराठी क्रियापद लिहायचं आणि मी उरलेल्या अर्ध्यावर इंग्रजी. ‘णारा’ दोन्हीला लावायचा. सरांकडे: आवडणारा कोण? आंबा. माझ्याकडे: लाइक करणारा कोण? मी. वर्गात हशा पिकला, कारण ‘लाइक करणारा’ हा शब्दप्रयोग मोबाइलमुळे प्रत्येकाला ठाऊक होता. फोटो आवडतो, पण लाइक ‘मी’ करतो. एवढ्या एका उदाहरणाने जे झालं ते माझ्या तीन तासांत झालं नव्हतं.

त्यातून वर्गाने आणि आम्ही मिळून जी रीत बसवली ती अशी: आधी इंग्रजी क्रियापद ठरवा. त्याला ‘करणारा’ जोडा. त्या करणाऱ्याचाच पत्ता विचारला असेल तर हू. करणारा ठाऊक आहे आणि पलीकडच्या माणसाचा पत्ता विचारला आहे, तर हूम. ‘तुला कोण भेटलं?’ यात मीट करणारी तू, तो पत्ता ठाऊक आहे, म्हणून हूम. ‘तुला कोण रागावलं?’ यात स्कोल्ड करणाराच शोधायचाय, म्हणून हू. ‘कोणाला पाहिजे?’ यात वॉन्ट करणाराच शोधायचाय, म्हणून हू. डाव हातात घेतलेल्या मुलीने हे शेवटचं वाक्य स्वतः उभं राहून सोडवलं.

एकाने लगेच यमक जुळवलं, ‘हू मारतो, हूम खातो’, म्हणजे मार खातो. दोन दिवस वर्गभर तेच चाललं होतं. मी ते मोडलं नाही, पण ‘गिफ्ट कोणाला दिलं’सारख्या वाक्यात मार कुठून आणायचा हे मुलांनाच सुचेना, आणि यमक आपोआप मागे पडलं.

मग एक हुशार पोरगा अडून बसला. ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ यात तर ब्रेक करणाऱ्याचाच पत्ता विचारलाय, मग हूम का? हा प्रश्न येईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. या वेळी सरच मदतीला आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘कोणसाठी, कोणबरोबर, कोणकडून’. वर्ग ओरडला, “चूक आहे!” कोणासाठी, कोणाबरोबर, कोणाकडून असंच हवं. शब्दयोगी अव्यय जोडलं की आपल्याकडे शब्दाचं सामान्यरूप होतं, ‘कोण’चा ‘कोणा’ होतो. इंग्रजीत बाय, टू, फॉर, विथ हे शब्दाच्या आधी येतात, आणि त्यांच्या लगेच पुढे हू आला की त्याचा हूम होतो. ‘बाय हू’ हे ‘कोणकडून’ इतकंच कानाला खटकायला हवं. इथे करणारा शोधायचाच नाही. मुलांना हे पटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मराठीचा सर्वांत नेमका उपयोग इथे झाला.

तिसरा निर्णय: गुण कुठे कापायचे

दोन्ही गठ्ठ्यांतल्या चुका सारख्याच वजनाच्या आहेत का, हे मला ठरवायचं होतं. विचार केल्यावर उत्तर स्पष्ट झालं. ‘हू डिड यू मीट?’ असं आज इंग्रजी बोलणारी शिकलेली माणसं सर्रास म्हणतात. तिथे हूम नाही म्हणून कुणी मुलाखतीत नापास करत नाही. ‘हूम हॅज अ फीवर?’ मात्र कुठल्याच इंग्रजीत चालत नाही. म्हणजे हूम गाळला तर निभावतं, जास्तीचा घातला तर नाही. माझ्या पहिल्या नियमाने मुलांना नेमकी दुसऱ्या प्रकारची चूक शिकवली होती.

म्हणून ठरवलं: बोलताना हू सगळीकडे मान्य. लिहिताना अव्ययाच्या लगेच पुढे हूम सक्तीचा. ‘हूम डिड यू मीट?’सारख्या वाक्यात हूम लिहिला तर शाबासकी, हू लिहिला तर खूण करायची पण गुण कापायचा नाही. करणाऱ्याच्या जागी हूम आला तर मात्र वही परत. हा निर्णय मुख्याध्यापकांना पटवून द्यावा लागला. बोर्डाच्या परीक्षेत असं चालेल का, ही त्यांची शंका होती. पुढच्या वर्षी नववीत पूर्ण काटेकोर नियम घेऊ, असं ठरवून तो विषय मिटला.

परिणाम

घटक चाचणीत ‘बाय हूम’ची वाक्यं जवळपास सगळ्यांची बरोबर आली. त्याचं श्रेय मी घेत नाही, ती आधीही पाठ होतीच. खरा फरक दिवाळीच्या सुट्टीआधी दिसला. पुन्हा तशीच दहा मराठी वाक्यं दिली, तेव्हा पहिल्या गठ्ठ्यातल्या चुका करणारी मोजकीच मुलं उरली होती. दुसरा गठ्ठा फारसा हलला नाही. ‘तुला कोण दिसलं?’ला निम्मा वर्ग अजूनही हू लिहितो.

तांड्यावरून येणाऱ्या मुलांना ही रीत इतरांइतकी चटकन साधली नाही. ‘कोणसाठी’ चूक आहे हे ओरडून सांगणाऱ्यांत त्यांचा आवाज कमी होता, हे त्या जोडतासात माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी तास पुढे रेटला. मराठीच्या कानावर भिस्त ठेवणारी पद्धत ज्याचा कान दुसऱ्या भाषेवर घडलेला आहे त्याला अर्धीच पुरते. त्यांच्या बोलीत हे प्रश्न कसे विचारतात, हे मी त्यांनाच विचारायला हवं होतं. ते काम पुढच्या सत्रात सुरू केलं आणि अजून चालू आहे.

खिचडीच्या रांगेतली मुलगी त्यानंतर काही आठवडे माझ्यासमोर इंग्रजीत बोलली नाही. तिची चूक नव्हती हे वर्गात सांगूनही नाही. जोडतासात उभी राहिली खरी, पण ते फळ्यासमोर होतं. आपणहून, वर्गाबाहेर ती पुन्हा इंग्रजी बोलली ते थेट जानेवारीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, तिला रांगेत टोकायला नको होतं. ती कुणी न सांगता इंग्रजी बोलत होती. ‘मी टू!’ म्हणून ताटली पुढे करता आली असती आणि हूमचं काय ते दुसऱ्या दिवशी बघता आलं असतं.

क्रमही चुकला. हू आणि हूमच्या आधी ‘त्याला’ची वाक्यं घ्यायला हवी होती: त्याला ताप आहे, त्याला पोहता येतं, त्याला मी ओळखतो. यातल्या कोणत्या वाक्यात ‘ही’ येतो आणि कोणत्यात ‘हिम’, हे आधी पक्कं झालं असतं तर हू-हूमचं काम निम्मं झालं असतं, आणि ती ही-हिमची जगभरची युक्तीही माझ्या वर्गाला वापरता आली असती. मी दुसरा मजला आधी बांधायला घेतला.

नियम देण्याआधी तो मोडून बघायला हवा होता. घरात दिवसभर आपण ‘कोणाला’ कुठे कुठे म्हणतो, याची दहा वाक्यं लिहून पाहिली असती तर संध्याकाळच्या चहाच्या वेळीच तो नियम कोसळला असता. ‘कोणाला चहा हवाय?’ हे तर मी रोज म्हणते.

आणि मराठीच्या सरांशी आधी बोलायला हवं होतं. एकाच वर्गात दोन शिक्षक ‘कर्ता’ हा शब्द दोन अर्थांनी वापरत होते आणि इतके दिवस एकमेकांना पत्ता नव्हता. त्या मुलीने विचारलं नसतं तर वर्षभर लागला नसता. कर्तरी आणि कर्मणी या शब्दांचंही तसंच आहे. ‘खिडकी कोणी फोडली?’ हे मराठीच्या तासात कर्मणी असतं आणि माझ्या तासात त्याच्याच इंग्रजीला मी कर्तरी म्हणते. त्यावरचा जोडतास आम्ही अजून घेतलेला नाही.

यंदा जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गात मी पहिल्या आठवड्यात हूम हा शब्द काढलाच नाही. फळ्यावर फक्त ‘त्याला ताप आहे’ लिहिलं आणि इंग्रजी विचारलं. पहिल्या बाकावरून उत्तर आलं, “हिम इज फीवर.” मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहून घेतलं आणि खाली विचारलं, फीवर असणारा कोण?